मुखेड गाडीच्या ताई

मी याआधी कधी काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला पहिला मीच, आणि तोही फार्मसीला. तिथं लिहायचं म्हणजे प्रयोगाची वही. कुणा माणसाबद्दल लिहायचा मला अधिकार आहे का, हेही ठाऊक नाही. ताईंच्या घरच्यांनी हे वाचलं आणि काही चुकलेलं दिसलं, तर त्यांनी माफ करावं.

मुखेड–नांदेड गाडीच्या या कंडक्टर ताई ड्युटीवर पाणी पीत नसत. मे महिन्यात गाडीचा पत्रा तापलेला असायचा, तरी नाही. कुणी बाटली पुढं केली, की ती घेऊन शेजारच्या म्हातारीच्या हातात द्यायच्या. ‘माझं झालंय आत्ताच,’ म्हणायच्या. झालेलं नसायचं. मी आमच्या फाट्यावरून रोज त्याच गाडीला असायचो, मला दिसायचं.

जीभ मात्र कोरडी नव्हती. फुकट प्रवासासाठी वय वाढवून सांगणारे म्हातारे त्यांना पाठ होते.

“आजा, मागल्या बाजारला सत्तर होते, आज पंच्याहत्तर?”

“आधार कार्ड घरी राहिलं बाई.”

“मंग वय बी घरीच ठेवून यायचं.”

गाडी हसायची, म्हातारासुद्धा. मग तो गुमान तिकीट घ्यायचा.

कंबर आणि गुडघे त्यांना फार छळत. खड्डा आला की दांडी घट्ट धरून डोळे मिटून घेत. पैशाच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट असे. गोळी गुळाच्या खड्याबरोबर चावायची आणि तशीच गिळायची. “कंबर म्हणती, बस आता,” त्या म्हणत. “गोळी म्हणती, चल बाई, अजून एक फेरी.”

तिसऱ्या वर्षाला सरांनी शिकवलं, की या गोळ्यांनी मूत्रपिंडाकडं जाणारं रक्त कमी होतं. अंगात पाणी कमी असलं तर धोका आणखी वाढतो. रोज घेत राहिलं तर मूत्रपिंडं कायमची निकामी होऊ शकतात, आणि तोवर माणसाला काही कळतही नाही. “म्हणून गोळी देणाऱ्यानं विचारायचं असतं,” सर म्हणाले. “रोज घेता का? पाणी किती पिता?” सगळे लिहून घेत होते. मला ताईंचा गूळ दिसत होता.

बाईमाणसाशी हे कसं बोलायचं, या विचारात बरेच दिवस गेले. शेवटी एकदा वाटेतल्या स्टँडवर गाडी रिकामी झाली, तेव्हा धीर केला.

“ताई, या गोळ्या रोज घेऊ नका. आणि पाणी तरी प्या. किडनीवर येतं.”

“कोण म्हणलं?”

“आमचे सर.”

“तुज्या सरला म्हण, पिते पाणी. पण मंग जाऊ कुठं?” त्यांनी स्टँडच्या कोपऱ्याकडं मान वळवली. “त्या बाथरूमला कडी न्हाई. आत पाय ठेवायला जागा न्हाई. दुसरीकडं रांग असती, तवर गाडी सुटायची येळ. ड्रायव्हर मामा गाडी थांबवून बाभळीमागं जातेत. म्या जाऊ?”

मी खिडकीतून त्या कोपऱ्याकडं बघितलं.

“सांग की, डॉक्टर.”

“नाही ताई,” एवढंच म्हणालो.

मग मी स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये गेलो. तिथला फार्मासिस्ट भला माणूस होता. “बाई कधीतरी एखादं पाकीट नेतात,” तो म्हणाला, “त्यात काय?” मुखेडला विचारलं, तिथंही एखादंच. नांदेडलाही तेच. प्रत्येक दुकानाच्या लेखी ताई कधीमधी गोळी घेणाऱ्या होत्या. सगळी पाकिटं एकत्र व्हायची ती त्या बॅगेत. माझं ऐकून वाटेतल्या फार्मासिस्टनं मात्र त्यांना पुढं गोळी दिली नाही. रक्त तपासा म्हणाला.

“माजी चुगली करायलास व्हय रे?” ताईंनी मला गाडीत गाठलं. “त्यो न्हाई देत आता. नांदेडवाला देतो की.” रागावल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी मला पुढची सीट दिली.

पुढं त्यांचे पाय सुजायला लागले. चपलेचा पट्टा रुतायचा. सकाळी चेहरा भरलेला दिसायचा. बायका म्हणत, “ताई, अंगानं भरलात बरं का.” “सुखाचं हाय,” त्या म्हणत. मी तपासायला सांगायचो, त्या सुट्टी मिळू दे म्हणायच्या. अखेर ड्युटीवरच उलट्या होऊन पडल्या. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. लातूरला भावाकडं राहून त्या डायलिसिसला जायला लागल्या.

मी एकदा भेटायला गेलो. त्यांचे ओठ फुटले होते. पाणी अंगाबाहेर टाकलं जात नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी ते मोजून प्यायला सांगितलं होतं. दिवसभराचं पाणी भावजयीनं एका लहान तांब्यात काढून ठेवलं होतं. ताईंनी दाराकडं बोट केलं.

“बघ, बाथरूम खोलीला लागूनच हाय. कडी बी हाय. आन् आता पाणी बंद.”

त्या हसल्या. मी नेलेली संत्री भावजयीनं हळूच परत माझ्या पिशवीत ठेवली. त्यांना ती चालत नव्हती.

त्यानंतर मी नांदेडला खोली घेतली आणि रोजची गाडी सुटली. सध्या प्रशिक्षणासाठी स्टँडजवळच्या एका मेडिकलमध्ये उभा असतो. परवा तिथं ड्रायव्हर मामा आले. ओळखून हसले आणि काउंटरवर हात पसरला.

“कंबर धरलीय बापू. ती दुखण्याची गोळी दे. गाडी सुटायलीय.”

“मामा, रोज घेता का? पाणी किती पिता?”

ते माझ्याकडं बघत राहिले. “बाई बी फोनवर समद्यांना हेच इचारायची,” म्हणाले. “शेवटी शेवटी.”

“शेवटी म्हणजे?”

हात काउंटरवर तसाच होता.

“तुला म्हाईत न्हाई? पोळ्याच्या आदीच गेली की रे ती. तू गाडीला यायचा बंद झालास. कळवावं कुणाच्या हाती?”