माधवबाबूची यादी

आमच्या सरकारी दवाखान्याचा कारकून माधवबाबू आजारी माणसाच्या तोंडाकडे बघायचा नाही. खिडकीशी कोणी उभं राहिलं की मान खाली ठेवूनच विचारायचा, "गाव?" माणूस कण्हत असो, रक्त ओकत असो, आधी गाव सांगा. मग भिंतीवरच्या यादीवर त्याचं बोट फिरायचं. नाव सापडलं तर चिठ्ठी. नाही तर, "तुमचा दवाखाना वेगळा. चला, पुढचा."

राज्यांची नवी मांडणी झाली, तेव्हा आमच्याकडे दवाखान्यांचीही झाली. कोणत्या गावाला कोणता दवाखाना, कोणती नर्स, जीप कुणाला, सगळं वरून लिहून आलं. हद्द आधीही होती, पण दुखणाऱ्याला ती कोणी विचारत नव्हतं. माधवबाबू विचारायला लागला. लाच मात्र त्याने कधी खाल्ली नाही. कोणी केळीचा घड आणून ठेवला तर उचलून बाहेर ठेवायचा. म्हणायचा, "मी घड खाल्ला तर यादी कोण वाचणार?" लोक हसायचे. मीही हसलो आहे. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

माझी गोदावरी पहिलटकरीण. सातव्या महिन्यात रीतीप्रमाणे माहेरी गेली, हद्दीपलीकडे. तिथल्या नर्सने तिचं नाव आपल्या वहीत लिहिलं. त्याचं पुढे काय होईल हे आम्हाला काय ठाऊक! बाळंतपण अडलं तेव्हा त्यांचा दवाखाना लांब, आमचा जवळ. मी आणि मेव्हण्याने तिला बैलगाडीत घालून इकडे आणलं. डॉक्टर खेड्यांच्या फेरीवर गेलेले. जीप दारात उभी, ड्रायव्हर आत बसलेला. बुऱ्हानपूरचं मोठं इस्पितळ जीपने पाऊण तास. हवी होती ती फक्त माधवबाबूची चिठ्ठी.

"गाव?"

"इच्छापूर, बाबूजी. माझी बायको आहे."

"आत्ता कुठून आणली?"

मी खरं सांगितलं. खोटं बोललो असतो तर ती आज असती.

"मग तिचं नाव तिकडच्या नर्सकडे आहे. जीप त्यांची मागा."

"बाबूजी, तिच्याकडे एकदा बघा तरी!"

"बघून चिठ्ठी देता येत नाही, भाऊ. नियम आहे."

मेव्हणा पाया पडायला वाकला. माधवबाबूने पाय मागे घेतले. आम्ही गाडी तशीच बुऱ्हानपूरच्या रस्त्याला लावली. ती वाटेतच गेली. पोटातलंही गेलं. जीप त्या दिवशी जागची हललीच नाही, हे मला नंतर ड्रायव्हरनेच सांगितलं.

मी दुसरं लग्न केलं नाही. एकदा कुऱ्हाड घेऊन दवाखान्यापर्यंत गेलो होतो. फाशीला भ्यालो आणि परत आलो, खोटं कशाला सांगू?

म्हातारपणी माधवबाबूने अंथरूण धरलं. त्याची सून माझ्या दारी आली. "काका, बाबा सारखं तुमचंच नाव घेतात हो."

गेलो. नुसती हाडं उरली होती. माझं मनगट धरून म्हणाला, "भाऊ, नियमच तसा होता. माझी चूक नव्हती, एवढं म्हण. जीव सुटत नाही माझा."

नियम तसाच होता. मी चार ठिकाणी विचारून खात्री करून घेतली होती. एवढं एक वाक्य मला म्हणता आलं असतं.

सुनेने चहा आणला. मी बशीत ओतून सावकाश प्यालो. कप खाली ठेवला, त्याची बोटं मनगटावरून सोडवली आणि चपला घातल्या.

त्यानंतर तो नऊ दिवस जगला. सून रोज बोलवायला माणूस पाठवायची. मी रोज घरीच होतो.