दोन सेकंदांची निळी खोली

समस्त रसिक, प्रेक्षक आणि टाउनशिपचे रहिवासी यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, एका गाण्याच्या व्हिडिओत, दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी, बरोबर दोन सेकंद एक निळी खोली दिसते. पहिल्या अंतऱ्यात ती नाही. तिसऱ्यातही नाही. ही बाब साऱ्या जगात एकाच माणसाच्या लक्षात आली, आणि तो माणूस त्या मंगळवारी सकाळी हुडको कॉलनीतल्या माझ्या स्टुडिओत, माझ्याच खुर्चीत बसला होता.

"याचा अर्थ काय?" त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवून विचारलं.

मी व्हिडिओ एडिटर. लग्नं, नामकरणं, रिटायरमेंटचे सत्कार हे माझं रोजचं काम. गाणी क्वचित. हे गाणं मेश्राम काकांच्या प्रज्ञाचं. काका कंपनीच्या प्लांटमध्ये फिटर होते, नुकतेच रिटायर झालेले. कंपनीचं सेक्टर दोनमधलं क्वार्टर सोडून जावं लागणार, त्यावर पोरीने स्वतः गाणं लिहिलं, स्वतः गायलं, आणि शूटिंग आम्ही त्यांच्याच मागच्या आंगणात केलं.

समोर बसलेले गृहस्थ बोरकर. व्हिडिओखाली माझा नंबर होता, त्यावरून शोधत आले. शंभरच्या वर वेळा व्हिडिओ पाहिला म्हणाले. सोबत डायरी. तिच्यात प्रत्येक शॉटचा अर्थ. अर्धवट उघडं फाटक म्हणजे जावं की थांबावं. उपडी बादली म्हणजे रिकामं होत चाललेलं घर. बादली मी माझी वायर झाकायला ठेवली होती, पण इतक्या सुंदर अक्षरापुढे ते सांगायचं धाडस झालं नाही. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

मग ते खोलीवर आले.

आमच्या धंद्यात याला कंटिन्युइटी म्हणतात. एका शॉटमध्ये असलेली वस्तू पुढच्या शॉटमध्ये जागेवर हवी. पहिल्या अंतऱ्यात मी प्रज्ञाच्या लहानपणीची जुनी क्लिप वापरली होती. तेव्हा खोली बांधलेलीच नव्हती. बाकीचं शूटिंग आताचं, आणि काकांनी मला बजावलं होतं की खोली कुठंही दिसायला नको. मी सगळे अँगल सांभाळले. फक्त एका शॉटमध्ये प्रज्ञा गर्रकन वळते, ओढणी उडते आणि मागे खोलीचा निळा पत्रा चमकतो. शॉट इतका झकास आला की माझ्याने कापवला नाही. म्हटलं, दोन सेकंद कोण बघतंय.

जो बघत होता, त्याने तेवढ्यात चष्मा पुसायला रुमाल काढला, आणि रुमालासोबत खिशातून ओळखपत्र बाहेर आलं. बोरकर साहेब टाउनशिपच्या ऑफिसात इन्स्पेक्टर होते. क्वार्टरमध्ये बेकायदा बांधकाम शोधणं हेच त्यांचं काम.

मी हळूच स्क्रीन बंद केली.

वाचकांसाठी थोडक्यात. रिटायर झालेल्या माणसाला ठरलेल्या मुदतीत क्वार्टर सोडावं लागतं. मुदत वाढवून हवी तर अर्ज, मग इन्स्पेक्शन. आंगणात एक जास्तीची वीट दिसली तरी अर्ज नामंजूर. काकांनी सहा महिने मागितले होते. स्वतःच्या घराला अजून छत नव्हतं आणि प्रज्ञाची शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती.

"मी फॅन म्हणून आलो बरं का," साहेब म्हणाले. "ऑफिसचं काई नाई. पण हे खोलीचं डोक्यातून जाऊन नाई राहिलं."

मी उठलो. स्टुडिओचा दिवा मालवला. असली गोष्ट उजेडात सांगता येत नाही. नाटकात काम केलेलं अशा वेळी कामी येतं.

"साहेब, ती खोली नाहीच."

"म्हणजे?"

"ती पोरीच्या मनातली आहे. म्हणून दोन सेकंद. मनातलं त्याहून जास्त टिकत नाही."

पेनाचा आवाज आला. ते लिहून घेत होते.

"मले वाटलंच होतं," ते गदगदून म्हणाले. "नाईतर सेक्टर दोनमधी एवढी खोली, अन् माह्या नजरेतून सुटते? गुरुवारी मेश्रामांचंच इन्स्पेक्शन आहे. फाईल माह्याचकडे आहे. म्हटलं, आधी अर्थ समजून घ्यावा, मंग जागा पाहावी."

ते गेल्यावर मी स्कूटर काढली आणि थेट सेक्टर दोन गाठलं.

सगळं ऐकून प्रज्ञा म्हणाली, "बाबा, सच बता देते हैं ना. होईल ते होईल." काकूंनी माझ्याकडे बघितलं. "दोन सेकंद कापाले तुले काय झालं होतं रे बावा?" काका उठले आणि पाना घेऊन मागे गेले.

ती खोली हौसेची नव्हती. आमच्या सेक्टरांमध्ये दिवसाच्या कोणत्याही वेळी कोणीतरी नाइट शिफ्ट करून झोपलेलं असतं. तिथे पोरीने तानपुरा लावून बसायचं कुठे? शेजाऱ्यांच्या तक्रारी झाल्या तेव्हा काकांनी ती खोली उभी केली. आतून जुन्या रजया ठोकल्या, की आवाज बाहेर जाऊ नये.

आता तीच खोली आवाज न करता पाडायची होती. बुधवारी सकाळी भिंतीपलीकडचे साहू नाइट शिफ्ट करून येऊन झोपले होते. ते जागे झाले असते तर दुपारपर्यंत क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीला कळलं असतं. काकांनी प्रत्येक नटावर तेल सोडलं आणि पंधरा मिनिटं वाट पाहिली. पत्रा उतरवायचा, रजईत गुंडाळायचा, खाली आडवा करायचा. तिसरा पत्रा माझ्या हातून सुटला. जमिनीवर आदळला असता तर संपलं होतं, म्हणून मी पाय पुढे केला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. मी ओरडलो नाही. माझ्या आयुष्यातला हा सर्वोत्तम मूक अभिनय, आणि कॅमेरा बंद.

दुपारी पत्रे टेम्पोतून शेजारच्या दुर्गला, काकांच्या साळ्याकडे गेले. राहिली सिमेंटची फरशी. काकूंनी तिच्यावर जुनी साडी पसरली आणि मूगवड्या घातल्या.

गुरुवारी साहेब आले. हातात टेप, काखेत डायरी. खोल्या बघितल्या, नळ बघितले. मग आंगणात आले.

"हे?"

"वाळवण," काकू म्हणाल्या.

साहेब वड्यांना वळसा घालून गेले. आंघोळ करून देवळात आल्यासारखे हळू. मग भिंतीपाशी थांबले. तिथे एका रांगेत चार भोकं होती, ताजी. साहेबांनी एका भोकात करंगळी घातली. काकांनी तोंड उघडलं.

"झुला," मी म्हणालो. "पोरीचा, लहानपणीचा."

साहेबांनी हूं केलं. क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली, शिक्का मारला, आणि कागद काकांच्या हाती दिला.

"आता ऑफिस संपलं," साहेब म्हणाले. "आता गाणं."

चहा आला. साहेबांनी डायरी उघडली आणि तिथेच, वड्यांशेजारी उभं राहून, गाण्याचा अर्थ सांगायला सुरुवात केली. फाटक झालं, बादली झाली. मग निळी खोली. पोरगी लहान असते तेव्हा तिला खोली लागत नाही. मोठी झाल्यावर तिला एक कोपरा हवा असतो. पण घर छोटं, बाप कामात गढलेला. बापाने तिच्यासाठी कधी जागा केलीच नाही, म्हणून तिने ती मनात बांधली. प्रज्ञा बापाकडे बघत होती. मी आभाळाकडे. कारण हा अर्थ माझ्याच स्टुडिओत, माझ्याच अंधारात जन्मला होता.

काकांच्या कपाळावरची शीर उडू लागली. मी डोळ्यांनी खुणावलं. काकूंनी कोपर मारलं. काही उपयोग नव्हता.

पुढे काय झालं ते आधीच सांगतो, म्हणजे शेवटचं वाक्य निवांत ऐकता येईल. साहेबांनी डायरीतलं निळ्या खोलीचं पान नीट रेघ मारून खोडलं. कागद परत मागितला नाही. सहा महिने मिळाले, प्रज्ञाने परीक्षा दिली. धंद्यातला धडा एवढाच की एडिटरने कापावं, अर्थ सांगू नये.

काका मात्र कप खाली ठेवून, सरळ साहेबांच्या डोळ्यांत बघत म्हणाले होते,

"मनातली कायची साहेब? मी सोता बांधली होती, या हातानं. तीन पावसाळे काढले तिनं, एक थेंब आत नाई आला."