हौद्री म्हणणारा अध्यक्ष

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता.

तर, मी सोलापुरात एमबीए करत होतो आणि कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष होतो. अध्यक्ष झालो ते एका भाषणावर. 'खरा नेता बोलत नाही, ऐकतो' या विषयावर मी हॉलमधले पंखे दमेपर्यंत बोललो. पोरांनी मला निवडून दिलं ते बहुतेक मी थांबावं म्हणून.

नेतृत्वाच्या तासाला आम्हाला 'अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग' शिकवायचे. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, मान हलवायची, मध्ये मध्ये 'बरोबर' म्हणायचं. त्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. ऐकलेलं समजावंही लागतं, हे बहुधा पुढच्या सेमिस्टरला होतं.

वार्षिक कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा हवा होता. डायरेक्टर सरांना टायवाला नको होता, आपल्या मातीतला उद्योजक पाहिजे होता. कन्नड मुलखाला लागून असलेल्या मैंदर्गीच्या आप्पांचं नाव निघालं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकून मोठा झालेला माणूस.

"ते कुणाच्या कार्यक्रमाला जात नाहीत म्हणे," सर म्हणाले. "जमेल का अध्यक्ष? कॉलेजच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"काळजीच सोडा सर. मला कन्नड येतं."

आता माझं कन्नड म्हणजे काय, तर शेजारच्या काकूंच्या ओट्यावरून उचललेलं. 'ऊटा आतेन्री' म्हणजे जेवलात का, 'बर्री' म्हणजे या आणि 'हौद्री' म्हणजे हो. संपलं कन्नड. पण सरांना काय कळतंय?

परिषदेची सचिव पल्लवी, केम गावची, कन्नडचा गंध नसलेली पोरगी, तिला घेऊन मैंदर्गीला गेलो. आप्पा दुकानात बसले होते. चांगलं मराठी बोलत "या की, कुटनं आला?" म्हणाले. तिथंच मराठीत विषय मांडला असता तर मी आज सुखात असतो. पण नाही. मी निमंत्रणाचं पत्र पुढं केलं आणि ऐटीत म्हणालो, "ऊटा आतेन्री आप्पा?"

आप्पा असे खूश झाले म्हणता! त्यांनी जे कन्नड सुरू केलं, ते धरणाचे दरवाजे उघडावेत तशी. मी डोळ्यांत बघितलं, मान हलवली आणि 'बरोबर'च्या जागी 'हौद्री' घातलं.

त्यात 'मगळ मदुवी' असं काहीतरी आलं. मला ऐकू आलं मंगळ. कार्यक्रम मंगळवारीच होता. मी म्हणालो, "हौद्री, मंगळवारीच." पुढं 'यल्लारू ऊटाक्क बर्री' आलं. ऊटा म्हणजे जेवण, म्हणजे पाहुण्यांच्या जेवणाचं विचारतायत. "हौद्री, हौद्री." शेवटी आप्पांनी टोपी घातली, माझ्या पाठीवर थाप मारली, "बर्तीनि" म्हणाले आणि मोटरसायकलला किक मारून गेले. बर्री म्हणजे या, तर बर्तीनि म्हणजे येतो, असा मी हिशेब लावला.

"काय म्हणाले?" पल्लवीनं विचारलं.

"येतो म्हणाले."

"एवढं लई बोलले की ते. आणि त्याचं नुसतं 'येतो'?"

"कन्नड जरा ऐसपैस भाषा आहे," मी म्हणालो.

झालं. आप्पांच्या फोटोचा फ्लेक्स गेटवर चढला. सरांनी दोन-चार कारखानदारांना मुद्दाम बोलावलं. मला कॉरिडॉरमध्ये प्राध्यापक थांबवून शाबासकी द्यायला लागले. मीही 'त्यात काय एवढं' असा चेहरा करून फिरत होतो.

मंगळवारी हॉल खच्चून भरला. शाल आली, श्रीफळ आलं, आप्पा काही येईनात. कारखानदार घड्याळं बघायला लागले. सर घाम पुसत म्हणाले, "फोन लावा. आणि माइकजवळ धरा, पोरांनाही धीर येईल."

धरला. पलीकडून सनई-चौघडा.

"अहो अध्यक्ष, कुटं हाय तुमी?" अख्ख्या हॉलमध्ये आप्पा घुमले. "आमी वाट बघायलोय की तुमची."

"आप्पा, आम्हीच तुमची वाट बघतोय," मी म्हणालो. "कार्यक्रमाला येतो म्हणाला होता ना?"

"मी? अहो, मगळ मदुवी म्हंजे पोरीचं लगीन. आज हाय, मला यायला जमत न्हाय, असं सांगितलं तुमाला. तुमी म्हणला, हौद्री, मंगळवारीच. समद्या पोरांना जेवायला घेऊन या म्हणलं, तर दोनदा हौद्री म्हणला. हितं तुमच्या कॉलेजची पंगत मांडून बसलोय मी."

हॉलमध्ये खसखस पिकायला लागली. मी शेवटची काडी धरली. "पण आप्पा, निघताना 'बर्तीनि' म्हणालात. बर्तीनि म्हणजे येतो ना?"

"व्हय, येतोच. पन जाताना म्हणायचा येतो. तुमच्या मराठीत जाताना काय म्हणत्यात?"

पहिल्या रांगेतून कोणीतरी उत्तर दिलं, "येतो." मग सगळा हॉल एका सुरात, "येतो!" कारखानदारसुद्धा.

कन्नड कळलं नाही याचं मला काही वाटलं नाही हो. पण मराठी माणसाला 'येतो' कळू नये? कान लाल झाले माझे. पोरांचं काय, ती बस करून मैंदर्गीला गेली आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, ओरपून आली. आप्पा म्हणे माझी सारखी चौकशी करत होते.

मी मात्र सरांच्या केबिनमध्ये उभा होतो. सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पेपरवेट फिरवत होते. मग शांतपणे म्हणाले, "उद्यापासून परिषदेचं काम पल्लवी बघेल."

वाईट वाटलं. पण म्हटलं, नेत्यानं मोठ्या मनानं बाजूला व्हावं. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "बरं सर, येतो मी."

सरांनी चष्मा काढला.

"येतो नको," ते म्हणाले. "तुम्ही आपलं जातो म्हणा."