दाजींनी बसवलेली फरशी

फोन ताईच्या शेजारणीनं केला. "तुमचे दाजी गेले... चहा घेता घेता," एवढंच ती बोलली आणि रडायला लागली. पडेगावहून बजाजनगरला ताईच्या घरी पोचेपर्यंत मी स्वतःला समजावत होतो, या बाईचा काहीतरी घोटाळा झाला असणार. हातातला चहा अर्धवट टाकून उठणारा माणूसच नव्हता तो. त्याला आता सहा आठवडे होतील.

दाजी वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. केसाएवढाही फरक त्यांना चालायचा नाही. भिंतीवरचा फोटो तिरका दिसला तर आधी तो सरळ करायचे, मगच जेवायला बसायचे. मी पडलो मेहुणा, चेष्टेचा हक्कदार. "दाजी, पोळी गोल हाय का मोजून घ्या," म्हणायचो. ते हसायचे आणि खरोखरच पोळी फिरवून बघायचे. ते रिटायर झाले त्याच वर्षी ताई बाथरूममध्ये पडली. जुनी शहाबादी फरशी झिजून गुळगुळीत झाली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं, ताईचं घराबाहेर पडणं बंद झालं. दाजींनी ठरवलं की नव्या खरखरीत टाइल्स बसवायच्या, आणि त्याही आपल्या हातानं. माझ्या ओळखीचा चांगला मिस्त्री होता, पण ते ऐकेनात. "मिस्त्री नजरेनं काम करतो रे. तिथं तुझी बहीण पाय ठेवणार हाय," म्हणाले.

तीन आठवडे काम चाललं, आधी भिंती, मग फरशी. गुडघ्याखाली पोत्याची घडी घेऊन दाजी बसायचे. टाइल ठेवायची, रबरी हातोडीनं हलकेच ठोकायची, वर पाणसळ धरायची. तिच्यातला बुडबुडा बरोबर मधोमध आला तरच पुढची टाइल, नाहीतर तीच उचलून पुन्हा. शेवटच्या दिवशी मला मुद्दाम बोलावून घेतलं. ताई काठी टेकत दारात उभी राहिली. दाजींनी बादलीभर पाणी ओतलं. ते सगळीकडे पसरलं... आणि तिथंच थांबलं. जाळीकडे थेंब जाईना. जन्मभर सपाटी तपासणाऱ्या माणसानं बाथरूमलाही ढाळ दिलाच नव्हता! "लेव्हलमध्ये मात्र फरक नाय," दाजी पुटपुटले. मला हसू आवरेना. "दाजी, आंघोळ करायची का पोहायचं?" ते हसले नाहीत. तोंड एवढंसं झालं होतं त्यांचं. ते माझं हसणं आता मला खातं.

"उद्याच फोडतो," ते म्हणाले. ताईनं साफ नकार दिला. "राहू द्या. लई धूळ खाल्ली घरानं." पुढं चार वर्षं ते फोडू का विचारत राहिले आणि ती नको म्हणत राहिली. ताई आंघोळीला गेली की दाजी वायपर घेऊन दाराशी उभे. तिनं आवरून दार उघडलं की आधी साचलेलं पाणी जाळीत ओढायचे, मग हात धरून तिला बाहेर आणायचे. मी गेलो की मान खाली घालून म्हणायचे, "एवढं एक काम चुकलं बघ माझं."

तेरावं झाल्यावर मी ताईजवळ विषय काढला. पाणी ओढायला आता कुणी नाही, ती पुन्हा पडली तर काय करायचं? फरशी फोडून नीट ढाळ देऊन घेऊ म्हणालो. मला वाटलं, दाजींच्या हातचं काम म्हणून ती अडून बसेल.

"पडले तवापासून आत एकटीला लई भ्या वाटायचं रे," ती म्हणाली. "पण दाराशी उभे राहा, असं कुणाला सांगायची लाज वाटायची. पाणी साचायला लागलं अन् ते आपणहून उभे राहिले. मी आतून विचारायचे, अहो, हायेत ना बाहेर? ते म्हणायचे, हाय की. ढाळ नीट निघाला असता तर ते पेपर वाचत बसले असते." तिनं पदर तोंडाला लावला. "त्यांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं, काम चुकलं म्हणून. एकदा सांगायला पाहिजे होतं मी... नाय सांगितलं."

मग डोळे पुसून ती म्हणाली, "फोडून टाक. आता पाणी साचून काय उपयोग?"

मिस्त्रीनं चार दिवसांत नवी फरशी बसवली. भिंतींच्या टाइल्स दाजींच्याच राहू दिल्या. त्यांच्यावरून हात फिरवत त्यानं विचारलं, "ये किसने किया साहब? एकदम फस्ट क्लास." ताईनं दारातून सांगितलं, "आमच्या मालकांनी."

आता बादली ओतली की पाणी बघता बघता जाळीत जातं. परवा रविवारी मी ताईकडे होतो. ती आंघोळीला गेली आणि मी बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसलो. थोड्या वेळानं आतून हाक आली, "अहो, हायेत ना बाहेर?"

मी पेपर ठेवला, दाराशी जाऊन उभा राहिलो. "मी हाय गं, ताई."

आत नळ बंद झाला. मग ती म्हणाली, "व्हय... तूच असणार."