दारातली बादली

"तितनंच. तितनंच बोला," असं म्हणत आमचे मामा उजवा तळवा ट्रॅफिक हवालदारासारखा पुढे धरायचे, आणि खोकणारा पेशंट दोन हात लांबच थांबायचा. कामोठ्यातल्या आमच्या दवाखान्यात हा तळवा ओलांडल्याशिवाय कुणालाही डॉक्टरांपर्यंत पोचता येत नसे. सगळे ज्यांना मामा म्हणत ते कंपाउंडर, मी केसपेपर लिहिणारी. अकरा वर्षं आमची टेबलं शेजारी होती. तुमच्याही माहितीत असा एखादा दवाखाना असेल, जिथे लोक डॉक्टरांपेक्षा कंपाउंडरला जास्त घाबरतात.

गणपती जवळ आले की मामांचा एक प्रश्न सुरू व्हायचा. "गावाला म्हातारं मानूस हाय?" हो म्हटलं की सुटका नाही. खारघरचा एक इंजिनिअर अंगात ताप असताना चिपळूणला निघाला होता. मामांनी त्याला बाकावर बसवून त्याच्याच फोनवरून त्याच्या आजीला फोन लावायला लावला. "आजी, तुमचा नातू यंदा येनार नाय. मीच पाठवत नाय." पलीकडून बरंच काही ऐकू आलं असावं. मामांनी फोन कानापासून दूर धरला आणि आम्हाला म्हणाले, "शिव्या पन लांबनंच बऱ्या." आत डॉक्टरही हसले.

या सगळ्याच्या मागे गव्हाण गावातल्या घरातली त्यांची आई होती. वय पंच्याऐंशी, छाती अधू. दर पावसाळ्यात मामा तिला न चुकता फ्लूची लस देववून आणायचे. पण त्यांचा विश्वास लसीपेक्षा बादलीवर जास्त होता. गणपतीला घरात सगळी भावकी, लेकी, जावई, नाचायला आलेली पोरं. आणि दारात पाण्याची बादली, तांब्या, साबणाची वडी घेऊन बसलेले मामा. हात धुवायचे, मग तीन प्रश्न. ताप? सर्दी? खोकला? एकालाही हो आलं की प्रसाद बाहेर ओटीवर. "आयला नमस्कार लांबनंच करा. पोचतो तो." सख्ख्या मेहुण्याला त्यांनी एकदा अंगणात जेवायला बसवलं, तर तो दोन वर्षं फिरकला नाही. भावकी म्हणायची, कंपाउंडरचा पार डॉक्टर झालाय. मामांना त्याचं काही नव्हतं.

मला ते दर वर्षी बोलवायचे आणि दर वर्षी माझं काहीतरी निघायचं. मग एका वर्षी म्हणाले, "ताई, आता नाय आलात तर आय रागवंल. तिला तुमचं सगलं सांगितलंय." मी शब्द दिला.

आणि नेमकं जायच्या दिवशी सकाळी माझं अंग कसकसत होतं. घसा धरलेला. ताप बघितला नाही, कारण बघितला असता तर जाता आलं नसतं. हे मला कळत होतं. दवाखान्यात बसणाऱ्या बाईला नाही कळणार तर कुणाला? पण शब्द दिलाय, माणूस राग धरेल, गणपतीच्या घरी नाही कसं म्हणायचं, असं स्वतःला समजावत मी तापाची गोळी घेतली. तासाभरात बरं वाटलं. चांगली साडी नेसले आणि उलव्यावरून रिक्षा केली.

मामा दारातच होते. माझ्यापुढे दोघांना तीन-तीन प्रश्न झाले. माझ्या तोंडात "नाही" तयार होतं. मामांनी माझ्या हातावर पाणी घातलं आणि म्हणाले, "तुमाला काय इचारायचं? तुमी दवाखान्यातल्या."

आत त्यांची आई गणपतीशेजारी खुर्चीवर बसली होती. मी लांबूनच वाकले, एवढं तरी केलं. पण तिने हात पुढे केले. "आलीस का गो बाय? ये, जवल ये." मी गेले. तिने माझ्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि ते आपल्या कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली. माझी सगळी इडापिडा तिने आपल्यावर घेतली. मग त्याच हाताने तिने मला पेढा भरवला आणि उरलेला अर्धा स्वतः खाल्ला.

तिसऱ्या दिवशी तिला ताप आला. पाचव्या दिवशी पनवेलला दवाखान्यात दाखल केलं. न्यूमोनिया म्हणाले. अनंत चतुर्दशीच्या आत ती गेली.

माझ्यामुळेच गेली असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. पन्नास माणसं येऊन गेली होती. ही पळवाट मी पुष्कळदा वापरून पाहिली आहे. तिच्यातून मला बाहेर पडता येत नाही.

मामा पुन्हा कामावर आले. एका दुपारी पेशंट नव्हते, तेव्हा म्हणाले, "ताई, मी सगल्यांना इचारला. दारात बसून सोता इचारला. कुनाला काय नव्हता." मी केसपेपर लावत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "मंग मीच नेला असंल. हितं दिवसभर खोकनाऱ्यांत बसतो ना." तेव्हा बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं. मी म्हणाले, "असं मनाला लावून घेऊ नका, मामा." दिवाळीआधी त्यांनी नोकरी सोडली.

गेल्या गणपतीत त्यांचा फोन आला. सांगायचंच असं ठरवून मी गेले. त्या दिवशी मला शिंकही नव्हती. दारात बादली नव्हती. मी सवयीने हात पुढे करून थांबले.

"आता या तशाच, ताई," मामा म्हणाले.

आत खुर्चीच्या जागी आईचा फोटो होता, हार घातलेला. आरती झाली. सगळे एकेक करून फोटोच्या पाया पडले. मामा सगळ्यांत शेवटी आले, फोटोपासून दोन हात लांब थांबले आणि तिथूनच त्यांनी हात जोडले.

मी जवळच उभी होते. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांच्या सुनेने माझ्या हातात ताटली दिली. मी मोदक फोडला, आणि छान झालाय असं म्हणाले.