गादी घातलेली गाडी

बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन अकोल्यात झालं. घरी, इंझोरीला, न्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आडवं झोपवून न्या आणि हादरा बसू देऊ नका. दवाखान्यातून अँबुलन्स मिळत होती, पण हिला ते पटेना.

"अँबुलन्समधून उतरली तं अख्खी इंझोरी रडत येईन," ती म्हणाली. "आपल्या गाडीनं न्या मले."

आपली गाडी म्हणजे सात सीटांची जुनी डिझेल. तिच्यातून लग्नाला माणसं गेली, तशी मागच्या सीटा काढून खताची पोतीही गेली. त्या ओझ्याने तिचा मागचा भाग खाली बसला होता. गतिरोधकावर मागून खडाक्कन आवाज यायचा आणि गाडी पुढे बराच वेळ झुलत राहायची. तशा गाडीत ताजे टाके घातलेली पाठ झोपवायची कशी? हिच्या बहिणीला दवाखान्यात बसवून मी गाडी घेऊन कारंज्याला आलो. तिथला एक मिस्त्री माझ्या ओळखीचा.

त्याने गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. चांगली गाडी एकदा वर येऊन थांबते. ही वरखाली होतच राहिली. खाली वाकून पाहिलं तर दोन्ही शॉकअपवरून तेलाचे ओघळ आलेले.

"शॉकअप गेले. स्प्रिंगाही बसल्या," तो म्हणाला. "चारही बदलतो."

संध्याकाळपर्यंत त्याने दोन शॉकअप आणि दोन स्प्रिंगा बसवल्या. गाडी मागून उचललेली दिसू लागली. आम्ही धनजच्या रस्त्यावर चक्कर मारायला निघालो, तेव्हा मी पुढे न बसता मागे गेलो आणि सीटा काढलेल्या रिकाम्या पत्र्यावर आडवा झालो.

तो वळून पाहत राहिला. "दादा, झोपून काहून राह्यले?"

"माही बायको अशीच येणार हाय."

ऑपरेशनचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. नुसतं 'आवाज येते' एवढंच सांगितलं होतं. त्याने गाडी एकदम जपून काढली. पहिल्याच गतिरोधकावर माझ्या बरगडीखाली ठक्क झालं. झुलणं गेलं होतं, आवाज मात्र होता. पुढे बसून तो बारीक वाटला असता. आडव्या माणसाला तो थेट हाडात लागतो. हिची पाठ आठवली आणि माझे डोळे भरून आले. तिथे पडल्या पडल्या ते कोणाला दिसायचं कारण नव्हतं.

मिस्त्रीने गाडी कडेला घेतली. "उठा. तुमी चालवा, मी झोपतो."

मग तो आडवा झाला, कान पत्र्याला लावून. मी त्याच गतिरोधकावरून तीनदा गाडी नेली. रस्त्याने जाणारे दोघे मोटरसायकल थांबवून बघत होते.

"डाव्या अंगाले," तो आतून म्हणाला. "चाकाच्या जरा पुढं. हे माह्याकडून राह्यलं, दादा."

गॅरेजवर येऊन त्याने पहारीने तिथला लोखंडी दांडा हलवला. दांडा एक्सलला धरून ठेवतो, आणि त्याच्या टोकाला रबराचा बुश असतो. तो फाटून गेला होता, आत बोल्ट मोकळा वाजत होता. सकाळी लेथवाल्याकडून नवीन बुश दाबून आणला. नट त्याने गाडी चाकांवर उभी करूनच कसले. वर टांगलेली असताना कसले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, म्हणाला. शेवटी त्याने चाकांची हवा कमी केली.

"पोते वाह्याची हवा हाय ही. आता माणूस न्याचं हाय ना."

पुन्हा धनजचा रस्ता. मी पुन्हा मागे आडवा. वर लिंबाचे शेंडे आणि तारा सरकत होत्या. मी ठक्क होण्याची वाट पाहत होतो.

"गतिरोधक आला काय?" मी विचारलं.

"दोन झाले," तो म्हणाला.

दुपारी मी अकोल्याला पोचलो. मागे घरची गादी घातली होती, तिच्यावर दोन गोधड्या. हिचं डोकं माझ्या सीटच्या मागे आणि पाय दाराकडे, असं तिला झोपवलं. बहीण सोबत येते म्हणाली, तर ही म्हणे, तू बसनं आपल्या घरी जाय, दोन दिवस झाले झोपली नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत माझे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले होते.

"इतकं हळू काहून चालवून राह्यले?" ती मागून म्हणाली.

"दुखलं तं सांगजो."

"दुखत नाही. मले वाटलं रस्ताच नवा झाला." थोड्या वेळाने तिचा हात सीटच्या बाजूने पुढे आला आणि माझ्या दंडावर टेकला. काही अंतर तसाच होता. मग निसटला.

कारंजा गेलं तेव्हा तिला झोप लागली होती. ऑपरेशन झाल्यापासून ती सलग झोपलीच नव्हती, पाठ दुखून जागी व्हायची. इंझोरीत आमच्या घरापर्यंतचा तुकडा खडीचा आहे. तिथे कितीही जपलं तरी जाग आलीच असती. आणि दारात शेजारणी जमलेल्या असणार, हेही मला ठाऊक होतं. मी खडी सुरू होण्याआधी एका बाभळीच्या सावलीत गाडी लावली, इंजिन बंद केलं, काचा उतरवल्या आणि बसून राहिलो. ऊन उतरेपर्यंत ती झोपली.

"आलं काय घर?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"आलंच."

"मंग थांबले कायले?"

"तू झोपली होती."

मी गाडी सुरू केली आणि पहिल्या गिअरमध्येच खडीवर घेतली.