गुप्त पानावरचा शिक्का

ग्रंथालयाला कुणी पुस्तकं द्यायला आलं, की मी आधी पुस्तकांकडे बघत नाही, माणसाकडे बघते. याला काय हवं असेल? भाच्याला प्रवेश, सुनेला नोकरी, की घर रंगवायला काढलंय आणि रद्दीवाला यायला तयार नाही? आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझी सव्वीस वर्षं गेली, त्यातली शेवटची सहा देणगी विभागात, आणि माझी शंका बहुतेक वेळा खरी ठरली. नवरा म्हणतो, तू देवळातला प्रसादही आधी हुंगून बघशील. बघते, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

देणग्यांशिवाय आमचं ग्रंथालय चाललं असतं, पण वाढलं नसतं, हे मात्र मलाही कबूल करावं लागतं. सरकारकडून येतं त्यात नियतकालिकं आणि वीज भागते. राहात्याच्या एका व्यापाऱ्याने पुस्तकपेढी सुरू करून दिली, म्हणून ज्यांचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात त्या मुलांना क्रमिक पुस्तकांचा अख्खा संच वर्षभर घरी नेता येतो. शिर्डीच्या एका हॉटेलमालकाने संगणक दिले. त्यातल्या दोन संगणकांवर आता अंध मुलं कानाला हेडफोन लावून पुस्तकं ऐकत बसतात. व्यापाऱ्याने प्रत्येक पुस्तकात वडिलांच्या नावाची चिठ्ठी चिकटवून घेतली, हॉटेलमालकाने फोटो काढून घेतला. आमच्याकडे लग्नात तांब्या दिला तरी त्यावर नाव घालून देतात, तेव्हा त्यात काही वावगं नाही. नाव मागणारा माणूस मला कळतो. न मागणारा आला, की मनात पाल चुकचुकते.

म्हणून दोन वर्षांपूर्वी थंडीत एसटीच्या पार्सलने कर्जतहून एक खोकं आलं, ते मी उघडण्याआधी चारी बाजूंनी बघितलं. आत एकतीस पुस्तकं आणि वहीच्या कागदावर शाळकरी अक्षरात एक चिठ्ठी होती. "विद्यापीठाच्या ग्रंथालयास भेट. नाव नको. पावती नको. सत्कार नको."

इतकं काहीच नको म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पुस्तकं बहुतेक इतिहासाची होती. आपल्या जिल्ह्यातल्या दुष्काळांचे आणि दुष्काळी कामांचे जुने अहवाल, आता कुठेच न मिळणारे. आमच्याकडे ऊसतोड कामगारांवर संशोधन करणारी एक मुलगी याच अहवालांसाठी पुण्याच्या खेपा घालत होती. म्हणजे खोकं सोन्यासारखं होतं. पण एकाही पुस्तकाला मूळचं कव्हर नव्हतं आणि एकाचंही पहिलं पान जागेवर नव्हतं. सगळ्यांना घरच्या घरी नवे पुठ्ठे लावून वर जुन्या कॅलेंडरचा कागद चढवलेला.

ग्रंथालयाचा शिक्का पहिल्या पानावर असतो हे सगळ्यांना माहीत असतं. पुस्तक पळवणारा ते पान आधी फाडतो. म्हणून प्रत्येक ग्रंथालयाचं एक गुप्त पान ठरलेलं असतं. आत कुठेतरी, एका ठरावीक आकड्याच्या पानावर, तळाशी दुसरा छोटा शिक्का मारून ठेवतात. आमचा आकडा मी इथे सांगणार नाही, तो अजून वापरात आहे. मी ते पान काढलं. जांभळा शिक्का होता. आमचाच. दुसरं पुस्तक उघडलं, तिसरं उघडलं. एकतीसच्या एकतीस आमची निघाली.

मग मी बांधणी बघितली. पुठ्ठ्याच्या आत निळ्या दोऱ्याची शिवण होती आणि गाठ पाठीला न मारता आतल्या बाजूला, तिसऱ्या भोकापाशी मारलेली होती. अशी गाठ मारणारा एकच माणूस मला माहीत होता, आमचा मामा.

शिपायांना आमच्याकडे सगळे मामाच म्हणतात, पण हा मामा वेगळा होता. कपाटांच्या दालनात पुस्तकं लावणं, फाटकी बांधणं, शिक्के मारणं ही सगळी कामं त्याचीच होती. हे खोकं यायच्या बारा वर्षं आधी पुस्तकांची पडताळणी झाली आणि पन्नासएक पुस्तकं जागेवर नाहीत असं निघालं. ग्रंथपालांनी विचारलं, कुणावर संशय आहे का? मी सांगितलं, मामाची कापडी पिशवी संध्याकाळी जाताना जड असते आणि सकाळी येताना रिकामी. मी खोटं काहीच सांगितलं नव्हतं, जे डोळ्यांनी बघितलं तेच सांगितलं. तीन जणांची समिती बसली. सिद्ध काही झालं नाही, पण मामाच्या सेवापुस्तकात "संशयास्पद वर्तन" असा शेरा पडला आणि त्याची बदली आवाराच्या पार टोकाला, रोपवाटिकेच्या फाटकावर झाली. तिथूनच तो निवृत्त झाला. ग्रंथालयात परत कधी आला नाही. दारावर सगळ्यांच्या पिशव्या तपासायचा नियम लागला, तो तेव्हापासूनचा.

तर ते खोकं समोर ठेवून मला काय वाटलं, ते खरं सांगते. मला आनंद झाला. म्हातारपणी मन खात असणार, म्हणून परत पाठवली, असं मी मनात म्हटलं. बारा वर्षं कधीमधी जी बारीक टोचणी लागायची, ती एका दुपारीत गेली.

ग्रंथपाल मात्र आता नवे होते. ते म्हणाले, "मॅडम, देणगी म्हणून दाखल करा आणि मोकळ्या व्हा. धर्माची गाय आणि दात का नाही, असं किती दिवस करणार?"

मी मोकळी झाले नाही. आभाराचं पत्र टाईप केलं, पर्समध्ये घातलं आणि रविवारी कर्जतची एसटी धरली. पत्र हे निमित्त होतं. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

मामाचं घर कर्जतपासून थोडं आत, ज्वारीच्या रानाला लागून आहे. तो ओट्यावर शेंगा निवडत बसला होता. मला बघून उठला आणि सवयीने शर्टाचं वरचं बटण लावलं. मामींनी घोंगडी टाकली, चहा ठेवला. मी पत्र पुढे केलं. त्याने ते हातात घेतलं, पण उघडलं नाही.

"वळखलंत म्हना," तो म्हणाला.

"गाठीवरून ओळखलं. मामा, पुस्तकं कुठून आली?"

"कर्जतला रद्दीच्या दुकानातनं."

मी हसले. ते चांगलं हसणं नव्हतं. "आमची पुस्तकं, आमचे शिक्के, आणि नेमकी तुम्हालाच रद्दीत सापडली?"

"बाजाराला गेल्तो. दुकानापुढं टेम्पो खाली हुत हुता. रद्दीवाला पुठ्ठं येगळं फाडीत हुता, कागुद येगळा. पुठ्ठ्यासंगट पयली पानं बी निघत हुती. मला पानाचा रंग वळखीचा वाटला. ते आतलं पान काढलं, तर शिक्का. म्या सोता मारलेला, वाईच वाकडा. म्हनलं, थांब रं बाबा. जेवढी घावली तेवढी वजनावर घेतली. बाकीची आदीच गेल्ती."

"टेम्पो कुणाचा होता?"

मामाने शेंगा निवडायला घेतल्या. आतून मामी म्हणाल्या, "सांगा की आता. आता कुनाची भीड हाय?"

"सरांच्या घरचा," तो म्हणाला. "त्यांच्या पोरांनी कर्जतातलं घर रिकामं केलं. रद्दीत सरांची लेटरपॅडं बी हुती."

सर म्हणजे इतिहासाचे प्राध्यापक. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या कुटुंबाने त्यांच्या नावाने आम्हाला शंभर मुलं बसतील असा वाचनकक्ष बांधून दिला. दारात त्यांचा फोटो आहे, त्याला दर सोमवारी हार असतो. जुनी कागदपत्रं स्कॅन करायचं मोठं यंत्रही तेच कुटुंब देणार होतं. आणि मामाच्या चौकशी समितीत जे तीन जण होते, त्यातले एक सर होते.

"आणि तुमची पिशवी?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"सरांची पुस्तकं गाडीपातुर मीच नेऊन द्यायचो. ते म्हनायचे, मामा, तुज्या पिशवीत घाल, हात भरत्यात. माजी पिशवी त्यांच्या डिक्कीत रिकामी हुयाची. सकाळी रिकामीच येनार की."

"मग समितीपुढे का नाही बोललात?"

"सर म्होरंच बसल्याले. त्यांच्या तोंडावर कसं सांगू? आनि म्या म्हनलं, काउंटरवर मॅडम हायेत. पुस्तकं कोन नेतं ते त्यांना ठावं हाय. त्या सांगत्याल."

मी चहाचा कप खाली ठेवला.

कारण मला ठाऊक होतं. काउंटरवर मीच असायचे. सर पुस्तकं घेऊन यायचे, मी रजिस्टर पुढे करायचे आणि ते म्हणायचे, "सोमवारी आणतोच आहे, नोंद कशाला?" मी म्हणायचे, "सावकाश, सर." प्राध्यापकाकडे सही मागायची आमच्याकडे रीत नव्हती. मुलगा एक दिवस उशिरा आला तर मी त्याला दारात उभा करत असे आणि सरांसाठी खुर्ची ओढत असे. पडताळणीची यादी बघताना, यातली काही सरांकडे असतील, हे माझ्या मनात येऊन गेलंही होतं. मी ते येऊ दिलं आणि जाऊ दिलं. संशयी संशयी म्हणून मी मिरवते, पण माझा संशय कधी जिना चढून वर गेला नाही. जो खालच्या मजल्यावर पिशवी घेऊन उभा होता, त्याच्यापाशीच जाऊन थांबला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या हाताने दिली होती.

"नाव का नाही घातलंत खोक्यावर?" निघताना मी विचारलं.

"नाव घातलं असतं तर तुमी म्हनला असता, बगा, चोर घावला."

मी तेच म्हटलं होतं, फक्त मोठ्याने नाही. मी त्याची माफी मागितली. त्याने मान हलवली, हो म्हणून की राहू द्या म्हणून, ते मला कळलं नाही. मामींनी शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली.

सोमवारी मी दोन पानांचा अहवाल लिहिला. पुस्तकं देणगी म्हणून दाखल करता येत नाहीत, ती आपलीच आहेत. ती कोणाच्या घरून निघाली, कोणी ओळखली, कोणी बांधून पाठवली, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, की ही पुस्तकं नोंद न करता देणारी कर्मचारी मी स्वतः आहे, आणि मामाच्या सेवापुस्तकातला शेरा काढून टाकावा. ग्रंथपालांनी अहवाल दोनदा वाचला आणि दार लावून घेतलं.

"यंत्र जाईल, मॅडम. सगळ्या संशोधकांच्या कामाचं यंत्र आहे. आणि तुमची निवृत्ती दोन वर्षांवर. मामांनी स्वतः काही मागितलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "म्हणून तर लिहिलंय."

ग्रंथपालांनी घाबरत घाबरत सरांच्या मुलाला फोन केला. आता हा वकील लावणार, असं मी धरूनच चालले होते. त्याने सगळं ऐकून घेतलं म्हणे. मग म्हणाला, "पुण्याच्या घरी अजून एक कपाट आहे. पाठवून देतो. यंत्राचं ठरल्याप्रमाणे." यंत्र आलं. कपाटही आलं, त्यात आमच्या शिक्क्याची आणखी नऊ पुस्तकं निघाली. इतक्या सरळपणे कुणी ऐकतं यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. त्यात काहीतरी असणार.

शेरा निघायला आठ महिने लागले. मी दर आठवड्याला आस्थापना विभागात जाऊन फाईल कुठल्या टेबलावर आहे ते बघून येत असे, कारण फाईल आपणहून पुढे सरकते यावर माझा विश्वास नाही. शेवटी पत्र निघालं आणि मी मामाला फोन करून ग्रंथालयात बोलावलं. ऊसतोड कामगारांवर संशोधन करणारी ती मुलगीही त्याला भेटायला थांबली होती.

मामा आला. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, खांद्याला कापडी पिशवी. मी पायऱ्यांवर उभी होते. दारावरचा सुरक्षारक्षक नवा, त्याला मामा कोण हे ठाऊक नव्हतं, आणि तो पिशवी मागायला पुढे झाला. त्याने मागण्याआधीच मामाने पिशवी खांद्यावरून काढली, तोंड पूर्ण उघडलं आणि रक्षकासमोर नाही, माझ्यासमोर धरली.

"बगून घ्या, मॅडम," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. मी पिशवीचं तोंड हाताने मिटलं, ती माझ्या खांद्याला अडकवली आणि त्याला आत घेऊन गेले.